रफूमावशीची किल्ली

आमच्या गावात चोराला घर फोडायचं असेल तर फार कष्ट नाहीत. त्याने बसथांब्यावर उतरावं, समोरच्या वळणावरच्या दुकानात जावं आणि रफूमावशीकडे किल्ली मागावी. अडचण एवढीच, की किल्ली द्यायच्या आधी मावशी त्याच्याकडे नखशिखांत बघेल, त्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्याच दोऱ्याने लावलंय हे ओळखेल आणि ते कुणी लावलं असं विचारेल. तिथून पुढे चोराला खोटं बोलणं जमणार नाही. निदान मला तरी आजवर जमलेलं नाही.

मी तिच्या समोरच असतो. खाली माझा फोटो स्टुडिओ आणि वर आम्ही दोघं नवराबायको. पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. पण खरं सांगायचं तर त्यात कॅमेऱ्यामागे उभं राहणं कमी आणि खिडकीत उभं राहणं जास्त. बायको म्हणते, "कॅमेरा विकून टाका, तुम्हाला खिडकी पुरे आहे." तर त्या खिडकीतून मी मावशीला कितीतरी वर्षं बघत आलोय, आणि तिच्याबद्दल लिहायचा अधिकार कुणाला असेल तर तो मलाच आहे, असं माझं मत आहे. गावात या मताला फारसा पाठिंबा नाही.

मावशी मूळची इथली नाही. गावाला लागून मोठा रस्ता झाला तेव्हा तिचा नवरा रोडरोलर चालवायला आला होता. रस्ता झाला, बाकीची माणसं पुढच्या कामावर गेली, पण रोलर बंद पडला. त्याचा कसलातरी भाग कारखान्यातून यायचा होता. तो येईपर्यंत रोलरची राखण करायला म्हणून ही दोघं थांबली, आणि तो भाग काही आला नाही. मग रोलरवाला गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला लागला, मावशीने वळणावरची रिकामी खोली घेऊन रफूचं काम सुरू केलं, आणि बघता बघता दोघं इथलीच झाली. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. मूलबाळ झालं नाही. रोलरवाला एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेला. रोलर मात्र अजून गावाच्या टोकाला उभा आहे. शाळा सुटली की पोरं त्यावर चढून बसतात आणि मावशी लांबून ओरडते, "उतरा रे, कपडे फाटतील." ते फाटतातच, आणि मग तीच शिवून देते.

तिच्या हाताला तोड नाही. कापडाला भोक पडलं तर ती ठिगळ लावत नाही; त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून दोरे उसवून काढते आणि त्यांनी ते भोक विणून बुजवते. गिऱ्हाईक कापड उजेडात धरून शोधत बसतं आणि शेवटी तिलाच विचारतं, "कुठे होतं हो ते भोक?" या प्रश्नाइतकं तिला दुसरं काही आवडत नाही. अंगात करड्या रंगाचा कामाचा कोट, कोटाच्या कॉलरला टोचलेल्या सुया आणि ओठांत टाचण्या. त्यामुळे ती बोलते ते ओठ मिटून, आणि जे बोलते तेही टाचणीसारखंच. बेकरीवाल्याच्या बाह्या भट्टीला लागून करपतात. त्याला म्हणते, "पाव भाजायचा असतो, हात नाही." शाळेच्या मोठ्या बाईंच्या कोटाचे कोपर विरतात, तर त्यांना म्हणते, "वह्या तपासता का टेबल पुसता?" माझ्या पँटच्या शिवणीबद्दल ती जे म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. बायकोने ते आधीच गावभर केलेलं आहे.

आता किल्ल्यांचं. ही पद्धत सुरू कुणी केली यावर गावात वाद आहे. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणतो मी, बेकरीवाला म्हणतो मी. घरात माणसं चार आणि किल्ली एक. शाळेतून पोरं आधी येणार की कामावरून आई, याचा नेम नाही. मावशीचं दुकान सगळ्यांच्या वाटेवर. "मावशी, ही जरा ठेवता का?" एकाने ठेवली, दुसऱ्याने पाहिली. होता होता तिच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक फळी आली, ती भरली म्हणून दुसरी आली. किल्ल्यांवर नाव नाही की नंबर नाही. ज्या घरचं कापड मावशीने शिवलं असेल त्याची एक चिंधी त्या घरच्या किल्लीला बांधलेली असते. बेकरीवाल्याच्या किल्लीला करपलेल्या बाहीची, मोठ्या बाईंच्या किल्लीला चौकटीच्या कापडाची, आमच्या किल्लीला माझ्या पँटच्या खिशाच्या अस्तराची. पोरगं धापा टाकत येतं, त्याने तोंड उघडायच्या आत मावशी किल्ली पुढे करते. "बूट दाराबाहेर काढ," एवढं बोलते आणि पुन्हा सुईकडे बघते.

येणारा येतो, किल्ली घेतो आणि जातो. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तिच्या दारावरून एकदा तरी जाऊन येतं. मला वाटायचं, हिच्याइतकं माणसांत राहणारं दुसरं कुणी नसेल. तिची स्वतःची किल्ली मात्र तिच्या गळ्यात, जाड दोऱ्यात ओवलेली. दुकानाच्या मागेच तिची राहायची खोली, आणि दोन्हींना मिळून दार एकच. एक जादा किल्ली होती, ती बटणांच्या डब्यात. डबा दुकानात. मी एकदा तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही बाहेर अडकलात तर त्या किल्लीचा उपयोग काय?"

"मग ठेवू कुणाकडे?" ती म्हणाली.

मला तो विनोद वाटला. मी हसलोसुद्धा.

शहरात तिची एक धाकटी बहीण आहे. ती दर आठवड्याला फोन करते. मावशीचे हात कामात गुंतलेले, म्हणून ती फोन मशीनवर ठेवून आवाज मोठा करते, आणि मग दोघी बहिणींचं बोलणं दुकानातल्या गिऱ्हाइकालाही फुकटात ऐकायला मिळतं. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं त्या दिवसांत मी माझा कोट आणायला गेलो, तेव्हा फोन चालूच होता.

"ताई, मागची खोली रिकामी झालीय. खिडकी आहे, ऊन येतं. आता ये तू कायमची."

"बघू," मावशी टाचण्यांमधून म्हणाली.

"किती वर्षं बघणार आहेस? भावजी गेले. तिथे तुझं कोण आहे?"

मावशीने टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. काम चालू असताना तिने असं केलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "ठेवते," म्हणून तिने फोन बंद केला. मग माझा कोट झटकत मला विचारलं, "काय हो फोटोवाले, माझं इथे कोण आहे?"

"अख्खं गाव आहे की," मी म्हटलं.

"अख्खं गाव नको. एक माणूस सांगा."

मी सांगणारच होतो, पण तेवढ्यात स्टुडिओपुढे गिऱ्हाईक उभं दिसलं आणि मी कोट घेऊन पळालो. गिऱ्हाईक पत्ता विचारायला आलं होतं.

बेकरीवाल्याची मुलगी म्हणजे गावाची लाडकी. लहानपणी बेकरीच्या फळीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बिस्किटं वाटायची. बापाचं नुकसान झालं, पण गाव तिचं झालं. लग्न नवऱ्याकडच्या गावी होतं. बेकरीवाल्याने सगळ्यांना न्यायला तीन गाड्या सांगितल्या होत्या. तो आठवडा मावशीचं मशीन थांबलं नाही. कुणाचा कोट सैल करायचा, कुणाच्या पोरीचा झगा लांब करायचा, नवरीच्या पोशाखाची कंबर दोनदा उसवून दोनदा घालायची, कारण नवरी आनंदाने आधी वाळली आणि मग पुन्हा भरली. मावशी तिला म्हणाली, "एकदाच काय ते ठरव, जाडी का बारीक." आणि दोघी किती वेळ हसत होत्या, हे मी खिडकीतून पाहिलंय.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाड्या वळणावर उभ्या राहिल्या. सगळं गाव नटून आलं आणि रोजच्या सवयीने आधी मावशीच्या दुकानात शिरलं. कोणती गाडी आधी परतणार आणि त्यात घरातलं कोण असणार याचा पत्ता नव्हता, तेव्हा किल्ली मावशीकडे हे ओघानेच आलं. "मावशी, ही आमची." "मावशी, ही ठेवा, आम्ही पहिल्या गाडीत आहोत." फळ्या भरून गेल्या. मी आमची दिली तेव्हा तिने माझ्याकडे बघून फक्त एवढंच सांगितलं, "मधलं बटण लावू नका, पोट दिसतं." मी बटण काढलं आणि गाडीत जाऊन खिडकीशेजारची जागा पकडली. गाड्या सुटल्या. बेकरीवाल्याच्या धाकट्या भावाने गाणं सुरू केलं आणि सगळ्यांनी ते बिघडवलं.

लग्न झालं, चांगलं झालं. जेवणं झाल्यावर मी सगळ्या गावाला पायऱ्यांवर उभं केलं. नवरा-नवरी मधोमध बसलेली, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं खाली. "सगळे आले का?" मी ओरडलो. "आले," असा एकमुखाने जबाब आला. तेवढ्यात नवरी उठून उभी राहिली.

"मावशी कुठेय? मला तिला शेजारी बसवायचंय."

पहिल्या गाडीवाले म्हणाले, दुसऱ्या गाडीत होती. दुसऱ्या गाडीवाले म्हणाले, नाही, तिसऱ्या. तिसऱ्या गाडीत मी होतो आणि माझी बायको ठामपणे म्हणाली, "ती पहिल्या गाडीत बसली, मी पाहिलं." एखाद्या बाईच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली सांभाळायला देऊन यायचं आणि तीच बाई आपल्याबरोबर गाडीत आहे असं समजायचं, अशी माणसं जगात दुसरीकडे असतील तर मला दाखवा, मी त्यांचा फोटो फुकट काढीन. आमच्याकडे तीन गाड्या भरून होती.

कुणीतरी मावशीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. "झोपली असेल," बेकरीवाला म्हणाला, पण ती दुपारची झोपत नाही हे त्यालाही माहीत होतं. मी फोटो काढला. त्या फोटोत नवरी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

परतताना कुणी गाणं म्हटलं नाही. उन्हं कलायच्या बेताला गाड्या वळणावर थांबल्या. पोरं खांद्यावर झोपलेली, कुणाच्या हातात बूट, कुणाच्या हातात उरलेल्या मिठाईचा डबा. आणि मावशीच्या दुकानाला कुलूप. दिवसाढवळ्या त्या दाराला कुलूप मी तरी पाहिलं नव्हतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी पुन्हा फोन लावला. आतून, मशीनच्या बाजूने, फोन वाजल्याचा आवाज आला.

गावात मागे राहिलेला दुसरा एकच माणूस म्हणजे कंपाउंडर. दवाखाना बंद ठेवता येत नव्हता. तो रस्ता ओलांडून आला.

"दुपारच्या बसने गेली," त्याने सांगितलं. "हातात पिशवी होती. मी विचारलं, मावशी, तुम्ही लग्नाला नाही गेलात? तर म्हणाली, मला बोलावलंय कुणी?"

"मग?"

"मग कुठे चाललात विचारलं. म्हणाली, बहिणीकडे. परत कधी येणार म्हटलं, तर म्हणाली, बघू."

सगळं गाव बेकरीवाल्याकडे वळलं. तो बिचारा आपल्या कोटाच्या बाहीलाच घाम पुसायला लागला. "मी धाकट्याला सांगितलं होतं तिला बोलवायला," तो म्हणाला. धाकटा म्हणाला, "मला वाटलं वहिनी सांगेल. त्या दोघींचं रोजचं बोलणं असतं." बेकरीवाली वहिनी म्हणाली, "मावशीला कसलं आमंत्रण द्यायचं? ती घरचीच आहे. घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं का?"

"छान," माझी बायको म्हणाली. "घरच्या माणसाला घरीच ठेवून आलो आपण."

  मला मावशीचं ते 'एक माणूस सांगा' आठवत होतं, आणि पत्ता विचारायला आलेलं ते गिऱ्हाईकही. 

पण भुकेची आणि झोपेची गोष्ट वाट बघत नाही. पोरं किरकिरायला लागली. सगळ्यांची घरं हाकेच्या अंतरावर आणि एकालाही आत जाता येईना. कुणाला तरी कुलूपवाल्याची आठवण झाली. तोही आमच्यातच, निळ्या कोटात, उभा होता. "अरे, तू असताना काळजी कसली? उघड की."

"उघडतो," कुलूपवाला म्हणाला. "हत्यारं आणा."

"हत्यारं कुठे आहेत?"

"माझ्या दुकानात."

"आणि दुकानाची किल्ली?"

त्याने मावशीच्या बंद दाराकडे हात केला. इतका वेळ रडवेलं झालेलं गाव तिथे हसलं, आणि एकदा हसल्यावर थांबेना. बेकरीवाल्याचा धाकटा भाऊ रस्त्याकडेचा दगड घेऊन पुढे आला. "एक घाव, काम फत्ते," तो म्हणाला. माझी बायको दाराला पाठ लावून पायरीवर बसली.

"मावशीच्या कुलपाला हात लावून बघा," ती म्हणाली. "मी तिच्या माघारी तिचं दार फोडू देणार नाही. ती येईपर्यंत मी इथेच."

"आणि नाही आली तर?" धाकट्याने विचारलं.

"मग तू पायरीवर झोप."

खरा प्रश्न तोच होता आणि तो आता सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. आमच्या किल्ल्यांचं काही ना काही झालं असतं. शेवटी किल्ल्यांचं काय, नवीन करून घेता येतात. पण मावशीची पिशवी, तिचं ते 'बघू', आणि बहिणीची उन्हाची खोली. शहरातून येणारी शेवटची बस दिवेलागणीला यायची. तिच्यात ती असेल का, एवढंच आता उरलं होतं. दवाखान्यातला बाक बाहेर आला. मिठाईचे डबे उघडले. मोठ्या बाईंनी पायातले उंच टाचांचे बूट काढून मांडीवर घेतले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या आम्हाला माणसासारख्या दिसल्या. मावशी कुणाला काय टोचून बोलली होती याच्या गोष्टी निघाल्या. प्रत्येकाकडे एक होतीच. कंपाउंडर सांगत होता, त्याची आई गेली तेव्हा मावशीने आईचा जुना कोट त्याच्या मापाचा करून दिला होता आणि वर म्हणाली होती, रडून झालं की घालून बघ. हे त्याने आधी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सगळं आठवत होतं, फक्त ते मावशीला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बस आली. आधी एक माणूस उतरला, मग कोंबडीची टोपली घेऊन एक बाई उतरली, मग कुणीच नाही. ड्रायव्हरने गाडी चालू केली. आमचं सगळं गाव उभं राहिलं. आणि मग आतून ओळखीचा आवाज आला.

"थांबव रे, माझी बाही अडकलीय दारात."

कोटाची बाही दाराच्या खिळ्याला अडकून कोपरापासून मनगटापर्यंत फाटली. मावशी खाली उतरली, फाटक्या बाहीकडे बघितलं, मग आमच्याकडे. रस्ताभर सगळं गाव, चुरगळलेल्या कपड्यांत.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "किल्ल्या द्यायला आले."

ती गळ्यातला दोरा काढत दाराकडे गेली. बायको पायरीवरून उठली. मावशी दार उघडता उघडता बोलत होती, आणि तोंडात टाचण्या नव्हत्या म्हणून सगळ्यांना सगळं स्पष्ट ऐकू आलं. "रागावले होते. खोटं कशाला बोलू? तुम्ही सगळे गेलात आणि मी मशीनपाशी बसले. गावात आवाज नाही. मनात म्हटलं, बहीण बरोबर बोलते. गेले. बहिणीच्या दारापर्यंत पोचले, घंटीवर बोट ठेवलं आणि आठवलं, तुमच्या किल्ल्या आत. राग तुमच्यावर होता, पोरांनी काय केलंय? पोरं झोपणार कुठे? घंटी न वाजवता परत फिरले. आता आपापल्या घ्या, आणि उद्यापासून दुसरीकडे कुठे ठेवायच्या ते बघा. मी सकाळच्या बसने जाणार."

तिने दिवा लावला. फळ्यांवरच्या किल्ल्या चमकल्या, आणि त्यांच्या शेजारी हँगरला टांगलेला एक पोशाख दिसला. गडद निळा, कडक इस्त्री केलेला, छातीशी कापडाचं फूल शिवलेलं. तो कुणाच्या मापाचा होता ते सांगायची गरज नव्हती. मावशीने आमचं लक्ष कुठे गेलंय ते पाहिलं आणि पोशाख उलटा करून टांगला.

 बेकरीवाला काउंटरपाशी उभा राहिला आणि त्याने मावशीचा हात धरला. "माझं चुकलं," एवढं म्हणाला. वहिनी रडायला लागली. मावशी म्हणाली, "झालं ते झालं. पोर सुखाने गेली ना?" पण म्हणताना तिने त्याची किल्ली पुढे केलीच होती.

माझ्या बायकोने ती किल्ली तिच्या हातातून घेऊन परत खिळ्याला लावली.

"तुझी दे," ती म्हणाली. रागात ती अहो-जाहो विसरली होती.

"काय?"

"किल्ली. बटणांच्या डब्यातली. आपल्या गावात बाहेर जाताना किल्ली कुणाकडेतरी ठेवून जायची पद्धत आहे. तुला माहीत नाही? तुझ्याच दुकानात सुरू झाली ना? आणि स्वतः न सांगता, न ठेवता, फोनसुद्धा आत टाकून गेलीस. आम्ही दुपारपासून जीव मुठीत धरून बसलोय. बसमध्ये काही झालं असतं तर? आम्हाला कोण सांगणार होतं?"

मावशीला इतकं कुणी फैलावर घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता ती एका वाक्यात माझ्या बायकोच्या चिंध्या करणार. पण ती फक्त म्हणाली, "मी कुणाकडे ठेवणार होते, पोरी?"

बायकोने हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला.  आपल्या घरी जायची घाई आता कुणालाच नव्हती. मावशीने किती वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग वाकून डबा उघडला, बटणांत बोटं घालून किल्ली काढली आणि त्या तळहातावर ठेवली. आणि मग ती स्टुलावर बसून रडली. तिचं रडणंही कामासारखंच, आवाज न करता आणि नीट.

"आता चिंधी," बायको म्हणाली.

"कसली चिंधी?"

"किल्लीला बांधायला. ज्याचं कापड शिवलं त्याची चिंधी, असा नियम आहे ना? काढ तो कोट."

इथे मला सांगायलाच हवं, की माझ्या बायकोला शिवण येत नाही. तिने एकदा माझ्या सदऱ्याला बटण लावलं, तेव्हा सदरा उशीला शिवला गेला होता. मावशीने कोट काढून दिला. बायको मशीनशेजारी बसली आणि सगळ्या गावासमोर त्या फाटक्या बाहीला रफू करायला लागली. तिचे टाके बघवत नव्हते. दोरा काळा, कोट करडा. कोपरापासून निघालेली शिवण मनगटाला पोचेपर्यंत दोनदा रस्ता चुकली. मावशीचे हात शिवशिवत होते. एकदोनदा ती पुढे वाकली, पण प्रत्येक वेळी मागे सरकून बसली. शेवटी बायकोने दोरा दातांनी तोडला, कोटाच्या आतल्या दुमडीतून एक पट्टी कापून मावशीच्या किल्लीला बांधली आणि किल्ली माझ्याकडे दिली. "स्टुडिओत लावा. खिडकीजवळ. तुम्ही तिथेच असता."

सकाळच्या बसने मावशी गेली नाही. सकाळी बेकरीवाला पाव घेऊन आला होता आणि कुलूपवाल्याला हत्यारांसाठी दुकानाची किल्ली हवी होती.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत ती ते रफू उसवून पुन्हा नीट करील. आपल्याच हातच्या कामाने जिने गावात नाव कमावलं, तिने असली बाही घालून दुकानात बसायचं म्हणजे धंद्याला बट्टा. पण कोट तसाच. एका परगावच्या गिऱ्हाइकाने बाहीकडे बघून आपलं कापड परत मागितलं, तर तिने ते निमूटपणे घडी करून दिलं. बायकोला स्वतःलाच लाज वाटून तिने दोनदा म्हटलं, "मावशी, आता काढ ते." मावशी टाचण्यांमधून म्हणाली, "हात लावू नकोस."

मागच्या आठवड्यात ती बहिणीकडे राहायला गेली. निघताना रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. अंगात निळा पोशाख, छातीशी फूल, आणि वर तो करडा कोट. "रविवारी येते," म्हणाली. "माझी किल्ली आहे ना जागेवर?"

मी खिडकीजवळच्या खिळ्याकडे बोट केलं. मग माझी नजर बाहीवर गेली आणि मला राहवेना.

"मावशी, निदान बहिणीकडे जाताना तरी तो कोट घालू नका. काय म्हणेल ती?"

"तिलाच तर दाखवायचाय," मावशी म्हणाली आणि बस पकडायला गेली.